बिनतारी विद्येची विस्मृत बाजू

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइल दूरध्वनीवरून संभाषण केले आणि आपल्या देशात एका नव्या युगाला प्रारंभ झाला. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, पाचव्या पिढीची म्हणून ओळखली जाणारी सेवा सुरू झाली. घरी दूरध्वनी यावा म्हणून अर्ज करून वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत तिष्ठत राहिलेली माणसे अजून आपल्यांत आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत भाजी विकणारी बाई दूरध्वनीवर पैसे स्वीकारू लागली आणि खेड्यातला विद्यार्थी त्याच यंत्रावर गणिताचा पाठ पाहू लागला. एका पिढीच्या आयुष्यात घडलेले एवढे मोठे परिवर्तन इतिहासात क्वचितच आढळेल.

या साऱ्या परिवर्तनाला आपण 'डिजिटल' हे एकच विशेषण लावून मोकळे होतो. त्यातून एक समज दृढ होत चालला आहे. जे काही घडते ते शून्य आणि एक या दोन अंकांच्या खेळाने घडते, आणि त्या खेळाचे नियम संगणकाच्या आज्ञावलीत लिहिता आले की काम संपले, असा तो समज. अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांच्या निवडीत तो दिसतो, पालकांच्या सल्ल्यात दिसतो, आणि महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकांतही दिसतो. हा समज अर्धसत्य आहे. गावाबाहेरच्या मनोऱ्यापासून आपल्या हातातील यंत्रापर्यंतचा प्रवास अंक करीत नाहीत; तो करते विद्युत्-चुंबकीय लहर. ही लहर अखंड असते, दुबळी असते, वाटेत भिंतींवर आपटून विस्कटलेली असते. अंकांना लहरीवर स्वार करण्याची युक्ती आणि त्या लहरीला जन्म देणारी व झेलणारी विद्युत् मंडले, ही या विद्येची दुसरी बाजू होय. तिच्याकडे आपण पाठ फिरवली आहे, आणि त्याची किंमत देशाला मोजावी लागत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी प्रथम या विद्येच्या अंतरंगात थोडे डोकावावे लागेल.

लहरीवर स्वार झालेले अंक

कोणत्याही साध्या लहरीला तीन गुण असतात. ती किती उंच उसळते हा तिचा परमप्रसर, दर सेकंदाला किती वेळा कंप पावते ही तिची कंप्रता, आणि एखाद्या क्षणी ती आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ही तिची कला. लहर एकसारखी चालत राहिली तर ती काहीच सांगत नाही. तिच्या या तीन गुणांपैकी एखाद्यात संदेशाबरहुकूम बदल केला तरच ती बोलू लागते. या बदलाला इंग्रजीत मॉड्युलेशन म्हणतात; मराठी विश्वकोशाने त्यासाठी विरूपण हा शब्द योजला आहे. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरील केंद्रांत परमप्रसर बदलतो, तर एफ. एम. केंद्रांत कंप्रता बदलते. ही दुसरी पद्धत व्यवहारात आणणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाला तिची एकस्वे १९३३ साली मिळाली.

अंकीय विरूपणात हीच कल्पना पुढे नेलेली असते. लहरीने कोणतीही अवस्था धारण न करता काही ठराविक अवस्थांपैकीच एक धारण करावी, असे येथे आधी ठरवून घेतले जाते. समजा, चार अवस्था ठरवल्या. मग प्रत्येक अवस्था दोन अंकांची एक जोडी सांगू शकते: शून्य-शून्य, शून्य-एक, एक-शून्य, एक-एक. सोळा अवस्था ठरवल्या तर एका खेपेत चार अंक जातात, चौसष्ट ठरवल्या तर सहा, आणि दोनशे छप्पन्न ठरवल्या तर आठ. परमप्रसर आणि कला या दोन्हींच्या मिश्रणाने या अवस्था बनतात. त्या कागदावर बिंदूंच्या रूपाने मांडल्या की तारकापुंजासारखी आकृती दिसते. म्हणून अभियंते तिला नक्षत्रच म्हणतात. चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या दूरध्वनींत अशी नक्षत्रे क्षणोक्षणी बदलत असतात. मनोरा जवळ असेल तर दाट नक्षत्र, आणि माणूस दूर किंवा तळघरात गेला की चार बिंदूंचे विरळ नक्षत्र. आपले संभाषण तुटत नाही, मात्र चित्रपट अडखळू लागतो, त्याचे एक कारण हे.

येथे विचारी वाचकाला प्रश्न पडेल की दोनशे छप्पन्नावरच का थांबावे? हजार, दहा हजार, लक्ष बिंदू का घेऊ नयेत? याचे उत्तर गोंगाटात आहे. विद्युत् वाहून नेणाऱ्या प्रत्येक पदार्थातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे अस्वस्थ असतात आणि त्यांच्या या धडपडीतून एक सूक्ष्म, कधीही न थांबणारा विद्युत् गोंगाट निर्माण होतो. जॉन्सन आणि नायक्विस्ट या बेल प्रयोगशाळेतील दोघा शास्त्रज्ञांनी १९२८ साली त्याचे मोजमाप आणि त्याचा सिद्धान्त मांडला. या गोंगाटामुळे नक्षत्रातला प्रत्येक बिंदू ग्राहीपाशी पोहोचताना थोडा पुसट होतो. बिंदू फार दाटीने बसवले तर एकाची पुसट कड शेजाऱ्यात मिसळते आणि अंक चुकतात. त्यांच्यातील अंतर कायम राखायचे तर लहर अधिक बलवान करावी लागते. हिशेब असा की एका खेपेत दोन अंक अधिक न्यायचे असतील तर शक्ती सुमारे चौपट हवी. चार बिंदूंवरून दोनशे छप्पन्न बिंदूंवर जाताना अंक चौपट होतात, परंतु शक्ती साठपटीहून अधिक लागते. निसर्गाशी केलेला हा सौदा आहे, आणि त्यात घासाघीस चालत नाही.

मर्यादित संपत्ती आणि तिचे मोल

हा सौदा गणिताच्या भाषेत नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय क्लॉड शॅनन यांचे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने संदेशवहनाला शास्त्राचे अधिष्ठान दिले. एखाद्या मार्गावरून बिनचूक संदेश जास्तीत जास्त किती वेगाने धाडता येईल, याची सीमा त्यांनी आखून दिली. ही सीमा कंप्रता-पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. शक्ती वाढवली तर मात्र ती फार संथपणे सरकते. पट्टा दुप्पट मिळाला आणि त्याला साजेशी शक्तीही मिळाली, तर वेग दुप्पट होतो. तीच करामत केवळ शक्तीच्या बळावर करू गेल्यास ती कितीतरी पटींनी वाढवावी लागते. कंप्रता-पट्टा हे या व्यवसायातील खरे भांडवल ठरले, याचे मूळ या एका सूत्रात आहे.

आपली वृत्तपत्रे या भांडवलाच्या विक्रीला सर्रास 'ध्वनिलहरींचा लिलाव' म्हणतात. वस्तुतः ध्वनीचा आणि या लहरींचा काही संबंध नाही. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. निर्वात पोकळीत तो मुका होतो. रेडिओ-लहरी सूर्यप्रकाशाच्या जातीच्या असून त्यांना कोणत्याही माध्यमाची गरज नसते. शब्द चुकला की कल्पनाही चुकते, म्हणून हा मुद्दा किरकोळ मानू नये. या लहरी कोणाच्या, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि त्यांचा वापर जनहितासाठीच झाला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हा या तत्त्वाला किती धार आहे हे साऱ्या देशाने पाहिले. २०२२ सालच्या लिलावात शासनाला सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या.

ही रक्कम ऐकून आपण थक्क होतो, परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जी मालमत्ता एवढ्या किमतीला विकली जाते, तिच्यातून पुरेपूर काम करून घेणारी यंत्रे कोण रचतो? जमीन आपली, पण नांगर मात्र परक्याचा, अशी तर आपली अवस्था नाही ना?

भार कोणावर पडतो?

पट्टा महाग झाला की त्यातून अधिक काम काढण्यासाठी विरूपण अधिकाधिक गुंतागुंतीचे करावे लागते. गणिती ते कागदावर करतो. त्याचा भार मात्र विद्युत् मंडलावर पडतो. गेल्या तीस वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो. १९९१ साली यूरोपात सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीत लहरीची कला हळुवारपणे बदलत असे, परमप्रसर मात्र स्थिर राही. त्यामुळे प्रेषकाच्या शेवटी असणारा शक्ति-विवर्धक, म्हणजे लहरीला बळ देऊन आकाशकाकडे पाठविणारे मंडल, खुशाल पूर्ण जोराने चालवता येई. त्याने लहरीच्या माथ्याचा आकार थोडा बिघडवला तरी बिघडत नसे, कारण संदेश माथ्याच्या उंचीत नव्हताच.

चौथ्या पिढीत हे चित्र पालटले. २० मेगॅहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात मनोरा एका वेळी १,२०० उपवाहक लहरी सोडतो आणि प्रत्येकीवर स्वतंत्र अंक स्वार असतात. एवढ्या लहरी एकत्र आल्या की बहुतेक वेळ त्या परस्परांना थोपवून धरतात. पण मध्येच केव्हातरी साऱ्यांचे माथे एका क्षणी जुळतात आणि सरासरीच्या सुमारे दसपट शक्तीची उसळी येते. विवर्धकाने ती उसळी कापली तर नक्षत्र विस्कटते आणि शेजारच्या पट्ट्यांतही कचरा सांडतो. ती सांभाळायची तर विवर्धक एरवी आपल्या कुवतीच्या फार खाली चालवावा लागतो, आणि वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मनोऱ्यावर ही हानी सोसता येते. हातातील यंत्राच्या चिमुकल्या बॅटरीला ती परवडणारी नसते. म्हणूनच चौथ्या पिढीच्या रचनाकारांनी मनोऱ्याकडून येणाऱ्या वाटेसाठी एक पद्धत निवडली आणि दूरध्वनीकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेसाठी उसळी कमी असलेली दुसरी. गणिताच्या दृष्टीने एकच पद्धत पुरली असती. निर्णय बदलला तो विवर्धकाच्या मर्यादेमुळे.

मनोऱ्यावरील हानी आटोक्यात ठेवण्यासाठी जो उपाय आज जगभर वापरला जातो, त्याचा जन्म १९३६ सालचा आहे. बेल प्रयोगशाळेतील विल्यम डोहर्टी यांनी तो निर्वात नलिकांच्या मोठ्या नभोवाणी प्रेषकांसाठी शोधून काढला. एक विवर्धक नेहमीचा भार वाहतो आणि उसळी आली की दुसरा मदतीला धावतो, ही त्यामागची कल्पना. नलिका इतिहासजमा झाल्या, त्यांच्या जागी सिलिकन आणि आता गॅलियम नायट्राइडचे ट्रँझिस्टर आले, पण डोहर्टींची रचना परतून आली. आता तिच्या जोडीला आणखी एक युक्ती असते. विवर्धक लहरीची जी विकृती करणार, तिच्या नेमकी उलट विकृती संगणक आधीच करून ठेवतो, म्हणजे शेवटी लहर सरळ बाहेर पडते. ही युक्ती योजण्यासाठी आज्ञावली लिहिता आली पाहिजे हे खरे; पण विवर्धक कसा वाकतो हे ज्याला उमगलेले नाही, त्याने लिहिलेली आज्ञावली काय कामाची?

ग्राहीच्या बाजूला तर याहून विलक्षण कसरत चालते. चौथ्या पिढीचा दूरध्वनी बोलताना फार तर एक-पंचमांश वॉट शक्ती सोडतो. त्याच वेळी, त्याच आकाशकातून, त्याच्यापाशी येणारा संदेश एका वॉटचा दहा लाख कोटीवा भाग एवढा क्षीण असू शकतो. म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरींच्या बळात सुमारे दोन लाख कोटींची तफावत. ढोलताशांच्या पथकात उभे राहून कोपऱ्यातली कुजबुज ऐकण्याचाच हा प्रकार. येथे दाबविद्युत् पदार्थाच्या पातळ थरांपासून बनवलेले, तांदळाच्या दाण्याहून लहान छानक दोन्ही लहरींना वेगळे ठेवतात आणि पहिला विवर्धक ती कुजबुज उचलतो. या पहिल्या पायरीवर जो गोंगाट मिसळतो तो पुढे कोणत्याही उपायाने निघत नाही. हॅरल्ड फ्रीस यांनी १९४४ साली मांडलेले एक छोटे सूत्र हे दाखवून देते. दुधात पाणी शिरल्यावर ते आटवण्यापेक्षा गोठ्यातच लक्ष ठेवलेले बरे, हा गवळ्याचा नियम येथेही लागू आहे.

हाताला कळणारे शास्त्र

अंकीय मंडलांची आखणी आज मोठ्या प्रमाणात स्वयंचलित झाली आहे. अभियंता मंडलाने काय करावे ते विशिष्ट भाषेत लिहितो आणि कोट्यवधी ट्रँझिस्टरांची मांडणी संगणक करतो. उच्च कंप्रतेच्या मंडलांना हा नियम तितकासा लागू पडत नाही. याचे कारण एका साध्या उदाहरणाने कळेल. एक मिलिमीटर लांबीची बारीक तार घ्या. मध्यम लहरींच्या टापूत, १ मेगॅहर्ट्‌झला, तिचा अडथळा ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. ती असून नसल्यासारखीच. तीच तार पाचव्या पिढीच्या ३.५ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेला सुमारे २० ओहमचा अडथळा करते, आणि या क्षेत्रात बहुतेक मंडले ५० ओहमच्या मापावर जुळवलेली असतात. म्हणजे नकाशात न दाखवलेला, कोणी मुद्दाम न बसवलेला एक घटक मंडलात घुसतो आणि सारा हिशेब उधळून लावतो.

या कंप्रतेला हवेतील तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास असते, आणि मंडलाच्या पाटीवर ती त्याच्या निम्म्याच्या जवळपास येते. त्यामुळे पाटीवरील तांब्याची प्रत्येक रेघ हा स्वतंत्र घटक बनतो. तिची रुंदी, तिचे वळण, तिच्याखालचा थर, शेजारचा टाका, वरचे झाकण, सारे काही मंडलात भाग घेते. नकाशात आंदोलक असलेले मंडल आंदोलन करायला नकार देते, आणि विवर्धक म्हणून रचलेले मंडल आपण होऊन आंदोलक बनते, असा अनुभव या क्षेत्रातील कोणताही जाणकार सांगेल. बेल प्रयोगशाळेतील फिलिप स्मिथ यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेला वर्तुळाकार आलेख आजही प्रत्येक मोजमाप-यंत्राच्या पडद्यावर दिसतो, तो यासाठीच. आकडेमोड संगणक करू शकतो, परंतु आलेखावरचा बिंदू कोठून कोठे सरकला आणि का, हे ओळखण्याची नजर तो देत नाही. ती नजर पाटी हाती घेऊन, मोजून, चुकून, पुन्हा मोजूनच येते. सुताराला लाकडाची शीर कळावी तसे हे ज्ञान असते. ते पुस्तकातून सुरू होते आणि हातात पुरे होते.

वारसा आणि वास्तव

हे ज्ञान आपल्या मातीला परके नाही. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींचे जाहीर प्रयोग करून दाखविले. त्यांनी हाताळलेल्या लहरी पाच मिलिमीटरांपर्यंत आखूड होत्या. २०२२ च्या लिलावात विकल्या गेलेल्या २६ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्याची तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटरांच्या आसपास येते. म्हणजे जग आज ज्या टापूत पाऊल टाकीत आहे तेथे बोस सव्वाशे वर्षांपूर्वी वावरत होते. नरसाळ्यासारखी आकाशके आणि गॅलिना खनिजाचा शोधक ही त्यांची उपकरणे त्यांनी आपल्या देखरेखीखाली येथेच घडवून घेतली होती.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. १९२७ साली खडकीचे प्रेषक केंद्र आणि दौंडचे ग्राही केंद्र यांच्या साहाय्याने मुंबई आणि लंडन यांमध्ये बिनतारी तारसेवा सुरू झाली. १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह-दळणवळणाचे भूकेंद्र उभे राहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सूक्ष्मतरंग-उपकरणांसाठी १९७७ साली निघालेल्या विभागातून १९८४ साली 'समीर' ही स्वतंत्र संस्था जन्माला आली आणि पवईला तिचे काम चालते. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण साकारली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण जगातील खगोलशास्त्रज्ञ वापरतात. तिच्या ग्राही मंडलांचा मोठा भाग आपल्याच अभियंत्यांनी रचला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींची कुजबुज जे मंडल ऐकू शकते, ते येथे रचता येते, हे यातून सिद्ध झाले.

मग गाडे अडले कोठे? मोहालीच्या अर्धवाहक कारखान्याला १९८९ साली आग लागली आणि तो सावरण्यात मोलाची वर्षे गेली. पुढे मोबाइल आला तेव्हा मागणी इतक्या वेगाने वाढली की तयार माल आयात करणे हाच सोपा मार्ग ठरला. अलीकडे काही आशादायक घटना घडल्या आहेत हे नाकारता येणार नाही. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र शासनाने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २०२५ साली भारत संचार निगमच्या चौथ्या पिढीच्या सेवेसाठी सी-डॉट, तेजस आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून देशी यंत्रणा उभी केली. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने एकेकाळी खेड्यांना देशी दूरध्वनी-केंद्रे दिली, त्या परंपरेला साजेशीच ही कामगिरी आहे. तथापि देशात खपणाऱ्या कोट्यवधी दूरध्वनींची जुळणी येथे होऊ लागली तरी त्यांतील छानक, विवर्धक आणि मिश्रक असलेल्या चकत्या बहुतांशी बाहेरूनच येतात. डब्यावर देशी नाव आले, आतला आत्मा अजून यायचा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जगात जे स्वस्त आणि उत्तम मिळते ते विकत घ्यावे, सारेच घरी करण्याचा हट्ट कशाला, असे अर्थशास्त्रज्ञ विचारतात. प्रत्येक चकती येथेच बनावी, असा कोणाचाही आग्रह नसावा. परंतु विकत घेणाऱ्यालाही पारख लागते. यंत्रात काय आहे, ते का बिघडले, त्यात कोणी काही लपवले आहे काय, त्यासाठी किती दाम योग्य, हे ओळखणारी माणसे देशात नसतील तर तो व्यापार बरोबरीचा राहत नाही. सीमेवरील सैनिकाचा बिनतारी संच, रेल्वेची संदेशयंत्रणा, वादळात कोळ्यांना सूचना देणारे उपकरण, या साऱ्यांना ही पारख हवी.

प्रयोगशाळेचे दार उघडा

ही पारख येणार ती शिक्षणातून, आणि येथेच आपली खरी दुखरी नस आहे. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय फळ्यावर सुरू होतो आणि उत्तरपत्रिकेत संपतो. विद्यार्थी नक्षत्राची आकृती सुबक काढतो, शॅननचे सूत्र बिनचूक लिहितो; पण आपण जुळवलेल्या छानकाचा आलेख त्याने एकदाही पाहिलेला नसतो. महागडे यंत्र असलेच तर ते कपाटात कुलूपबंद असते, कारण बिघडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न नोंदवहीला पडतो. प्रात्यक्षिकाची वही मागील वर्षीच्या वहीवरून उतरते. यात शिक्षकाला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. तासांचा भार, कंत्राटी नेमणुका आणि तपासणीची कागदपत्रे यांतून त्याला डोके वर काढायला फुरसत मिळत नाही.

आता परिस्थिती अशी आहे की पैशाची सबब पूर्वीइतकी टिकत नाही. जे मोजमाप करण्यासाठी पूर्वी लाखो रुपयांचे यंत्र लागे, त्याची प्राथमिक ओळख करून देणारी हातात मावणारी उपकरणे आज काही हजार रुपयांत मिळतात. संगणकाला जोडून आकाशातल्या लहरी पडद्यावर उलगडणारे ग्राही त्याहूनही स्वस्त आहेत, आणि त्यांना लागणाऱ्या आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लागणारे बहुतेक सुटे भाग मिळतात. प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी निदान एक छानक, एक विवर्धक आणि एक आंदोलक स्वतः रचावा, स्वतः मोजावा आणि तो ठरल्याप्रमाणे का चालला नाही हे स्वतःच्या शब्दांत लिहावे, असा नियम विद्यापीठांनी केला तर त्याला फार मोठा खर्च येणार नाही. गुण द्यायचे ते या शेवटच्या उत्तराला द्यावेत.

दुसरा मार्ग हौशी बिनतारी केंद्रांचा. केंद्रीय दळणवळण मंत्रालय परीक्षा घेऊन अशा केंद्रांचे परवाने देते आणि वयाची बारा वर्षे पुरी झालेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते. शाळाशाळांत राष्ट्रीय छात्रसेना असते, वाचनालय असते. मग एक बिनतारी मंडळ का असू नये? गच्चीवर स्वतः ताणलेल्या तारेतून दूरच्या अनोळखी माणसाचा संकेत ऐकू आला की मुलाच्या मनात जे जिज्ञासेचे बीज पडते, ते शंभर व्याख्यानांनी पडणार नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. कंप्रता, विवर्धक, आंदोलक, छानक असे नेमके शब्द मराठी विश्वकोशाने दिले, पण ते ग्रंथालयाच्या फडताळात राहिले. तंत्रनिकेतनात येणारा ग्रामीण विद्यार्थी इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडखळतो आणि विषय अवघड आहे अशी स्वतःची समजूत करून घेतो. प्रात्यक्षिकाच्या सूचना आणि पाठ्यपुस्तके दोन्ही भाषांत मिळू लागली तर या विद्येचे दार किती तरी जणांना उघडे होईल.

लिलावातून जे दीड लाख कोटी यायचे आहेत ते जनतेच्या मालमत्तेचे मोल आहे. त्यातील नगण्य वाटावा एवढा अंश राज्यातील तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांकडे वळवला तरी दहा वर्षांत आपल्याकडे अशी एक पिढी उभी राहील, की जिला लहर केवळ सूत्रात भेटलेली नसेल. सहावी पिढी येण्याची चर्चा जगात सुरू झाली आहे. तिची प्रमाणे कोठे तरी ठरतील, तिची यंत्रे कोणी तरी रचील. त्या मेजाभोवती आपला माणूस ग्राहक म्हणून बसणार की रचनाकार म्हणून, हे आज आपल्या महाविद्यालयांतील कुलूपबंद कपाटे उघडतात की नाही यावर अवलंबून आहे.